ज्येष्ठमधाचा काढा डागांवर का चालला नाही आणि बाटलीत का नासला

तुमचा प्रश्न थोडक्यात असा. मुरुमांचे डाग जावेत म्हणून तुम्ही ज्येष्ठमधाची पूड पाण्यात उकळून काढा केलात, गाळून कोरफडीच्या गरात मिसळलात, टिकावं म्हणून लिंबाचा रस आणि व्हिटॅमिन ईची कॅप्सूल घातलीत आणि फ्रिजमध्ये ठेवून रोज लावलंत. नवव्या दिवशी आंबूस वास आला, मिश्रणाला तार सुटली. पुन्हा केलंत, पुन्हा तेच. महिना उलटला, डाग आहेत तिथेच आहेत. आता तयार अर्क घ्यावा का, कोणता, किती घालावा, आणि हातात असलेली बाटली प्रिझर्व्हेटिव्ह घालून वाचवता येईल का, असं तुम्ही विचारलंय.

वनस्पतींचे अर्क घालून क्रीम, जेल, सीरम यांची सूत्रं बसवायची, हे काम मी २२ वर्षं करते आहे. ज्येष्ठमध हे माझ्या आवडत्या मुळांपैकी एक, त्यामुळे उत्तर लांबणार आहे.

तुमच्या कृतीत दोन वेगवेगळे घोटाळे झालेत आणि दोन्हींच्या मुळाशी पाणी आहे. डागांवर ज्याचा उपयोग होऊ शकतो तो घटक पाण्यात जवळजवळ उतरत नाही. आणि जे काही पाण्यात छान उतरतं, त्यावर जंतू पोसतात. म्हणजे तुमच्या बाटलीत हवं होतं ते आलं नाही आणि नको होतं ते वाढलं.

आधी मुळात काय असतं ते बघू. ज्येष्ठमध म्हणजे ग्लिसिरायझा ग्लॅब्रा या शेंगवर्गीय झाडाचं वाळवलेलं मूळ. त्याची गोडी येते ग्लिसिरायझिनमुळे. हे साखरेच्या सुमारे ५० पट गोड असतं आणि पाण्यात विरघळतं. ते सॅपोनिन वर्गातलं आहे, म्हणून काढा बाटलीत हलवला की रिठ्यासारखा फेस येतो. तुम्हालाही आला असेल. या ग्लिसिरायझिनपासून तयार होणारं ग्लिसिरेटिनिक आम्ल त्वचेतल्या कॉर्टिसॉलला निष्क्रिय करणाऱ्या एन्झाइमला अडवतं. त्यामुळे शरीराचं स्वतःचं दाहशामक रसायन जरा जास्त वेळ टिकतं. लाली, खाज, चुरचुर कमी करायला ज्येष्ठमध उपयोगी पडतो तो मुख्यतः यामुळे. अॅटोपिक त्वचादाहावर, म्हणजे एक प्रकारच्या खाजऱ्या एक्झिमावर, ज्येष्ठमध-अर्काच्या १ आणि २ टक्के जेलचा २ आठवड्यांचा अभ्यास २००३ साली प्रसिद्ध झाला होता. त्यात २ टक्केवाल्या जेलने लाली, सूज आणि खाज जास्त कमी केली. या गुणाबद्दल माझं मत बऱ्यापैकी पक्कं आहे, कारण काम करतानाही ते दिसतं. दाढीनंतरची किंवा उन्हानंतरची लाली ज्येष्ठमधाच्या जेलने लवकर बसते.

डागांचा मामला वेगळा आहे. त्यासाठी ज्याचं नाव घेतात तो घटक ग्लॅब्रिडिन. त्वचेला रंग देणारं मेलॅनिन तयार करणाऱ्या टायरोसिनेज या एन्झाइमला तो अडवतो. १९९८ साली प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात गिनीपिगच्या त्वचेवर ०.५ टक्के ग्लॅब्रिडिन लावलं, तेव्हा अतिनील किरणांमुळे येणारी लाली आणि काळपटपणा दोन्ही कमी झाले. या एका प्रयोगाच्या खांद्यावर ‘ज्येष्ठमधाने डाग जातात’ असं म्हणणाऱ्या कितीतरी जाहिराती उभ्या आहेत. पण आकडा नीट बघा. ०.५ टक्के ग्लॅब्रिडिन होतं, ०.५ टक्के ज्येष्ठमध नव्हे. शिवाय प्रयोग माणसांवरचा नव्हता.

आता तुमच्या काढ्याचं गणित मांडू. तुम्ही २०० मिली पाण्यात २० ग्रॅम पूड घेतली असं समजू. मुळात ग्लॅब्रिडिन फार थोडं असतं, ०.२ टक्के धरू. म्हणजे २० ग्रॅम पुडीत अवघं ४० मिलिग्रॅम. ते सगळंच्या सगळं पाण्यात उतरलं तरी काढ्यात त्याचं प्रमाण ०.०२ टक्के, त्या प्रयोगातल्या प्रमाणाच्या पंचविसावा भाग. आणि ते उतरत तर नाहीच, कारण ग्लॅब्रिडिन पाण्यात विरघळत नाही. ते गाळण्यात राहिलेल्या चोथ्यासोबत तुम्ही टाकून दिलंत. त्यातही ग्लॅब्रिडिन मुख्यतः मुळाच्या सालीकडच्या थरात असतं. साल काढलेलं, पिवळंधमक आणि दिसायला स्वच्छ मूळ दळलेलं असेल, तर चोथ्यातही फारसं नसेल.

लिक्विरिटिन नावाचा आणखी एक घटक आहे. २००० साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात मेलाज्मा, म्हणजे वांग असलेल्या २० स्त्रियांच्या चेहऱ्याच्या एका बाजूला लिक्विरिटिनचं क्रीम आणि दुसऱ्या बाजूला तेच क्रीम लिक्विरिटिनशिवाय, असं ४ आठवडे लावलं होतं. लिक्विरिटिनच्या बाजूला वांग चांगलंच फिकट झालं. पण तेही वेगळं काढून शुद्ध केलेलं लिक्विरिटिन होतं, मूळ उकळलेलं पाणी नव्हे. अभ्यास लहान होता. आशादायक म्हणू, त्याहून पुढे जायला नको.

माझ्याकडे शिकायला येणाऱ्यांना मी पहिल्या दिवशी हेच सांगते: ‘कोणती वनस्पती’ हा प्रश्न अर्धाच आहे, ‘कशात काढली’ हा उरलेला अर्धा. एकाच मुळाच्या तीन बाटल्या करा. एक पाण्यात, एक अल्कोहोलमध्ये, एक तेलात. तिन्हींवर ‘ज्येष्ठमध अर्क’ लिहिता येईल आणि तिन्हींत वेगवेगळी रसायनं असतील. पाण्यात गोडी, सॅपोनिन, साखरा, पिठूळ भाग. अल्कोहोल-पाण्याच्या मिश्रणात त्यातलं बरंचसं आणि शिवाय फ्लॅव्होनॉइड (ग्लॅब्रिडिन, लिक्विरिटिन हे याच वर्गातले). ग्लिसरीन पाण्याच्या अंगानेच जातं, फक्त टिकायला बरं. तेलात फारच थोडं काही येतं. ज्येष्ठमध घालून उन्हात ठेवलेलं तेल सुंदर पिवळं दिसतं, पण तो रंग म्हणजे ताकद नव्हे.

चरकसंहितेत वर्ण्य म्हणून जी दहा द्रव्यं सांगितली आहेत त्यांत मधुक, म्हणजे ज्येष्ठमध आहे. याचा दाखला देऊन ‘गोरं करतं’ असं सांगितलं जातं. वर्ण्य म्हणजे वर्णाला हितकर. त्वचेचा जो रंग आहे तो निकोप, तजेलदार राहावा, असा त्याचा अर्थ. मूळ रंग बदलणं हे ना त्या शब्दात आहे ना त्या मुळात. तुम्ही डागांबद्दल विचारलंत, गोरेपणाबद्दल नाही, म्हणून मला उत्तर लिहावंसं वाटलं.

आता नासण्याकडे येऊ, कारण खरा धोका इथे आहे. डाग गेले नाहीत तर फक्त हिरमोड होतो. दूषित जेल मुरुमांच्या उघड्या तोंडांवर रोज लावलं, तर नवे फोड आणि नवे डाग येतात.

काढा म्हणजे पाणी, साखरा आणि पिष्ट. प्रयोगशाळेत जंतू वाढवायला जे रस्से करतात त्यांच्यापासून हे फार दूर नाही. उकळल्यावर बहुतेक जंतू मरतात हे खरं, पण जमिनीत वाढलेल्या मुळासोबत काही जंतूंचे बीजाणू येतात आणि ते साध्या उकळण्याने मरत नाहीत. वर तुम्ही त्यात कोरफडीचा ताजा गर घातलात, बाटलीत रोज बोट घातलंत. फ्रिजमुळे वाढ मंदावते, थांबत नाही. प्रिझर्व्हेटिव्ह नसलेलं पाणीदार मिश्रण फ्रिजमध्ये ठेवून २-३ दिवसांत संपवावं, त्यापुढे नाही. आणि वास येईपर्यंत थांबणं ही कसोटी नव्हे. माझ्या सुरुवातीच्या दिवसांत काढ्यावर केलेली एक लोशनची खेप मला अगदी ठणठणीत वाटली होती. रंग तोच, वास तोच, पोत तोच. सवयीने जंतुचाचणीला पाठवली आणि अहवाल वाचून सगळी खेप ओतून टाकली. बाटली डोळ्यांना नासलेली दिसते तेव्हा जंतूंची संख्या फार पुढे गेलेली असते. तुमच्या बाटलीला नवव्या दिवशी तार सुटली, म्हणजे चौथ्या-पाचव्या दिवशी तुम्ही काय लावत होतात याची कल्पना करा.

व्हिटॅमिन ई प्रिझर्व्हेटिव्ह नाही. हा गैरसमज इतका रुजलाय की काही तयार बाटल्यांवरही तसं सुचवलेलं असतं. व्हिटॅमिन ई तेलाला खवट होण्यापासून वाचवतं, जंतूंना काही करत नाही. तुमच्या मिश्रणात तेल जवळजवळ नव्हतंच, त्यामुळे कॅप्सूल नुसती वर तरंगत राहिली असेल. सुगंधी तेलांचे दोन थेंब, कडुनिंबाचा अर्क, मध, यांतलं काहीही जेलमध्ये घालायच्या प्रमाणात भरवशाचं नाही.

लिंबाच्या रसाने तर तीन तोटे झाले. एक, त्याचा पीएच, म्हणजे आम्लपणा मोजायचा आकडा (७ म्हणजे तटस्थ, जितका कमी तितकं आम्ल तीव्र), २ च्या आसपास असतो. मुरुमांच्या त्वचेला तो चुरचुरतो, आणि सावळ्या त्वचेवर कुठलीही चुरचुर नंतर डाग ठेवून जाऊ शकते. दोन, लिंबात, विशेषतः सालीत, अशी रसायनं असतात की ती लावून उन्हात गेलं तर भाजल्यासारखी लाली आणि मग गडद पट्टे उमटू शकतात. आणि तीन, हे सहसा कोणी सांगत नाही, आम्लात ग्लिसिरायझिन साका होऊन खाली बसतं. काढ्यात जे थोडंफार कामाचं आलं होतं, तेही तुम्ही लिंबू पिळून तळाशी बसवलंत. बाटलीच्या बुडाशी मळकट गाळ आला होता ना?

या तिसऱ्या तोट्यात जाणकारही अडकतात, म्हणून जरा थांबते. घरी क्रीम करणारे बरेच जण सोडियम बेंझोएट आणि पोटॅशियम सॉर्बेट वापरतात, कारण ती सौम्य समजली जातात. पण ही दोन्ही आम्लधर्मी मिश्रणातच काम करतात. बेंझोएटला पीएच ५ च्या खाली लागतो, आणि जितका खाली तितकं बरं. सॉर्बेट थोडं वरपर्यंत चालतं, तरी ५.५ च्या पुढे तेही दुबळं. उलट ग्लिसिरायझिन आणि त्याचे क्षार पीएच ५ च्या खाली गेले की गढूळ व्हायला लागतात. म्हणजे ज्येष्ठमध सांभाळावा तर प्रिझर्व्हेटिव्ह झोपतं, प्रिझर्व्हेटिव्ह जागं ठेवावं तर ज्येष्ठमध खाली बसतो. यातून वाट अशी की ज्येष्ठमधासाठी पीएचवर कमी अवलंबून असलेलं प्रिझर्व्हेटिव्ह घ्यायचं. मी फिनॉक्सिइथेनॉल आणि एथिलहेक्सिलग्लिसरीन यांचं तयार मिश्रण वापरते, एकूण वजनाच्या ०.९ ते १ टक्का, आणि पीएच ५.३ ते ५.८ मध्ये ठेवते. ‘नैसर्गिक’च हवं असा आग्रह असेल तर माझं उत्तर ठरलेलं आहे: मग पाणी घालू नका. पाणी नसेल तर प्रिझर्व्हेटिव्ह लागत नाही. पण पाणी घालायचं आणि प्रिझर्व्हेटिव्ह नाकारायचं, हे जमणार नाही.

तयार अर्क घ्यायचा तर बाजारात मुख्यतः तीन प्रकार मिळतात आणि तिन्हींवर जवळजवळ एकच नाव असतं.

पहिला द्रव अर्क. तपकिरी, पातळ, ग्लिसरीन किंवा प्रोपिलीन ग्लायकोलमध्ये काढलेला. यात मुळाचा अंश थोडाच आणि बाकी द्रावक असतो. २ ते ५ टक्के घालतात. त्वचा शांत करायला ठीक, डागांसाठी यावर भिस्त ठेवू नका. दुसरा डायपोटॅशियम ग्लिसिरायझिनेट, पांढरी बारीक पूड, ग्लिसिरायझिनचा पाण्यात सहज विरघळणारा क्षार. ०.१ ते ०.५ टक्के पुरे. लाली-खाजेसाठी हा माझा पहिला पर्याय, कारण प्रत्येक खेपेला तोच परिणाम मिळतो आणि रंग-वासाचा त्रास नाही. तिसरा ग्लॅब्रिडिनचा संहत अर्क, साधारणतः ४० टक्के किंवा ९० टक्क्यांच्या वर ग्लॅब्रिडिन असलेला. डागांचा विचार करायचा तर हाच. तिन्हींत महाग, आणि सांभाळायला सगळ्यात कटकटीचा.

कटकट कसली ते सांगते. ग्लॅब्रिडिन उजेडाने, उष्णतेने आणि पीएच वर गेल्याने बिघडतं आणि तपकिरी होतं. पहिल्यांदा ते वापरलं तेव्हा मी इतर पुडींबरोबर तेही गरम तेलाच्या भागात टाकून मोकळी झाले आणि क्रीम पारदर्शक बरणीत भरलं. तीन आठवड्यांत पांढऱ्या क्रीमचा वरचा थर चहासारखा झाला, खालचा पांढराच. उजेड कुठवर पोचला ते मोजपट्टीने मोजता आलं असतं. आता मी ते थोड्या प्रोपिलीन किंवा पेंटिलीन ग्लायकोलमध्ये आधी विरघळवते, क्रीम ४० अंशांच्या खाली आल्यावर घालते आणि हवा आत न जाणाऱ्या अपारदर्शक पंपात भरते. व्हिटॅमिन ई घालायची खरी जागा इथे आहे, कारण इथे प्रश्न ऑक्सिडेशनचा आहे.

कोणताही प्रकार घ्या, विकणाऱ्याकडे त्या खेपेचा विश्लेषण अहवाल मागा. त्यात वनस्पतीचं शास्त्रीय नाव, कोणता भाग, कोणतं द्रावक, कोणता घटक किती टक्के, जंतूंची संख्या आणि जड धातू इतकं तरी असावं. शास्त्रीय नाव बघणं हा सोपस्कार नाही. ग्लिसिरायझा युरॅलेन्सिस आणि ग्लिसिरायझा इन्फ्लाटा यांची मुळंही ज्येष्ठमध म्हणूनच विकली जातात. चांगल्या वनस्पती आहेत त्या, इन्फ्लाटातलं लिकोचाल्कोन ए लालीवर उत्तम आहे, पण ग्लॅब्रिडिन ही ग्लॅब्राची खूण आहे. पुडीत आणखी एक भेसळ चालते ती गुंजेच्या मुळाची. तेही चवीला गोडसर असतं म्हणून खपून जातं. त्यामुळे घरी अर्क काढायचा असेल तर पूड घेऊच नका, अख्खे तुकडे घ्या. खरा ज्येष्ठमध मोडला की आत पिवळा आणि लांब धाग्यांचा असतो, चव आधी गोड आणि मग जिभेवर किंचित टोचणारी.

घरी करायचंच असेल तर ग्लिसरीन अर्क करा, काढा नको. २० ग्रॅम वाळके तुकडे सालीसकट बारीक कुटून स्वच्छ काचेच्या बरणीत घ्या. त्यावर ७० ग्रॅम ग्लिसरीन आणि ३० ग्रॅम डिस्टिल्ड पाणी एकत्र करून ओता. बरणी गरम पाण्यात ठेवून ३-४ तास ५० ते ६० अंशांवर राहू द्या, उकळी नको. मलमलीतून गच्च पिळा, मग कॉफीच्या कागदी गाळणीतून हळूहळू उतरू द्या. हा भाग कंटाळवाणा आहे, रात्रभर लागतो, पण बारीक कण आत राहिले तर तेच पुढे जंतूंना आसरा देतात. ग्लिसरीन इतकं असल्यामुळे हा अर्क काढ्यापेक्षा कितीतरी जास्त टिकतो. तरी मी त्यातही १ टक्का प्रिझर्व्हेटिव्ह घालते आणि तीन महिन्यांपलीकडे वापरत नाही. अल्कोहोलमध्ये काढणार असाल तर गरम करू नका, जवळपास ज्योतही नको. तो थंडच मुरवायचा.

१०० ग्रॅम जेलचं साधं सूत्र असं: डिस्टिल्ड पाणी ९०.२ ग्रॅम, ग्लिसरीन अर्क ५, ग्लिसरीन ३, झँथन गम (दाटपणा आणणारा डिंक) ०.५, डायपोटॅशियम ग्लिसिरायझिनेट ०.२, डायसोडियम ईडीटीए (धातूंचे अंश बांधून प्रिझर्व्हेटिव्हला मदत करणारं) ०.१, प्रिझर्व्हेटिव्ह १. झँथन आधी ग्लिसरीनमध्ये खलून घ्या, नाहीतर पाण्यात गुठळ्या होतात आणि त्या कितीही घोटल्या तरी मोडत नाहीत. पाण्यात ईडीटीए आणि ग्लिसिरायझिनेट विरघळवा, त्यात झँथनचा लगदा सोडून घोटा, मग अर्क, शेवटी प्रिझर्व्हेटिव्ह. दुसऱ्या दिवशी पीएच पट्टीने तपासा. ५.८ च्या वर असेल तर सायट्रिक आम्लाचं १० टक्क्यांचं द्रावण एकेक थेंब घालत खाली आणा, पण ५.३ च्या खाली जाऊ नका. का, ते वर सांगितलंच. हे सगळं वजनाने, चमच्याने नाही. ०.०१ ग्रॅमपर्यंत दाखवणारा काटा नसेल तर हे काम सुरूच करू नका, कारण प्रिझर्व्हेटिव्हचा पाव चमचा कधी अर्धा ग्रॅम असतो, कधी दीड.

या जेलने लाली आणि चुरचुर कमी होईल. डागांसाठी यात भर घालायची तर माझी पहिली पसंती नियासिनामाइडला, म्हणजे व्हिटॅमिन बी३च्या एका रूपाला आहे, ४ टक्के, पाणी तितकंच कमी करून. तो याच पीएचला निवांत राहतो आणि डागांवरचा त्याचा पुरावा ज्येष्ठमधापेक्षा भक्कम आहे. वनस्पतीवाल्यांना हे ऐकायला आवडत नाही. ग्लॅब्रिडिन घालायचं तर या जेलमध्ये ते तरंगेल किंवा दाणे धरेल. त्याला तेल-पाण्याचं क्रीमच हवं आणि तो पहिल्या महिन्यात करायचा प्रयोग नव्हे.

पण त्याआधी तुमचे डाग कोणते आहेत ते बघा, कारण याचा प्रश्नात उल्लेखच नाही. मुरूम गेल्यावर राहतात ते डाग तीन जातींचे. तपकिरी डाग म्हणजे साचलेलं मेलॅनिन. लालसर-जांभळे डाग म्हणजे रुंदावलेल्या सूक्ष्म रक्तवाहिन्या. तिसरे खड्डे. पारदर्शक काचेने डाग हलकेच दाबून आरशात बघा: दाबल्यावर फिकट होतो तो रक्तवाहिन्यांचा, तसाच राहतो तो मेलॅनिनचा. गडद त्वचेवर हा फरक ओळखणं कठीण जातं, तिथे डॉक्टरांची नजर हवी. टायरोसिनेज अडवणारं कुठलंही द्रव्य फक्त तपकिरी डागांवर चालतं, तेही रंगद्रव्य वरच्या थरात असेल तर. लाल डागांवर ग्लॅब्रिडिन लावणं म्हणजे वाया घालवणं. ते वेळेने आणि दाह शांत ठेवल्याने जातात. खड्डे लेप-क्रीमने भरत नाहीत.

मुळाच्या पुडीचा लेप करून चोळणं तर आजच थांबवा. पूड विरघळत नाही, तिचे धागे घासतात, आणि घासलेल्या जागी नवा डाग उठतो.

लावण्याआधीची चाचणी एका रात्रीची नको. अॅलर्जीची प्रतिक्रिया यायला ४८ ते ७२ तास लागू शकतात, कधी त्याहून जास्त. कोपराच्या आतल्या बाजूला रुपयाएवढ्या जागेवर दिवसातून दोनदा, ७ दिवस लावा. ज्येष्ठमधाची अॅलर्जी तुरळक आहे, पण संहत अर्कांमुळे झालेला त्वचादाह नोंदलेला आहे. चाचणीत काही झालं नाही तर रात्री चेहऱ्यावर पातळ थर, पहिला आठवडा एक दिवसाआड.

आणि दिवसा सनस्क्रीन, एसपीएफ ३० किंवा वर. याला पर्याय नाही. रात्री टायरोसिनेज अडवायचं आणि दिवसा ऊन देऊन त्याला पुन्हा चेतवायचं, हे भोकाच्या घागरीत पाणी भरणं झालं. वांग असणाऱ्यांनी आयर्न ऑक्साइड असलेलं रंगीत सनस्क्रीन घ्यावं, कारण वांग दिसणाऱ्या प्रकाशानेही वाढतं. परिणाम बघायचा तो ८ ते १२ आठवड्यांनी. त्वचेच्या वरच्या थराचं एक आवर्तन व्हायलाच ४ ते ६ आठवडे जातात, तेव्हा तुमचा एक महिना तसाही कमीच होता. एकाच खिडकीपाशी, एकाच वेळी, दर १५ दिवसांनी फोटो काढा. आरशावर विश्वास ठेवू नका; तो रोज मूडप्रमाणे सांगतो.

एखादं ‘शुद्ध वनौषधी’ क्रीम चार-पाच दिवसांत डाग उडवत असेल तर मला आनंद होत नाही, संशय येतो. इतक्या झटपट काम करणाऱ्या क्रीममध्ये बरेचदा न सांगितलेलं स्टेरॉइड, हायड्रोक्विनोन (रंग फिकट करणारं औषध) किंवा पारा सापडतो. ज्येष्ठमधाची चाल अशी नसतेच. मान आणि काखेतला मखमलीसारखा जाड काळेपणाही अर्कांनी जाणार नाही. तो बहुधा इन्शुलिनच्या गडबडीचा इशारा असतो, रक्त तपासून घ्यावं. आकार किंवा रंग बदलणारा तीळ, अचानक पसरणारा डाग यांना काहीही न लावता त्वचारोगतज्ज्ञांना दाखवा. लावण्याबरोबर ज्येष्ठमध पोटातही घ्यायचा विचार असेल, तर उच्च रक्तदाब, किडनीचे विकार आणि गरोदरपण यांत तो घेऊ नये. पोटातून जास्त गेल्यास पोटॅशियम उतरतं आणि रक्तदाब चढतो. जेलच्या ०.२ टक्क्याने तसं होत नाही.

राहिली हातातली बाटली. नाही, प्रिझर्व्हेटिव्ह घालून ती वाचणार नाही. प्रिझर्व्हेटिव्ह स्वच्छ मिश्रणाला स्वच्छ ठेवतं, नासलेल्याला परत आणत नाही; जंतू मेले तरी त्यांनी सोडलेली विषारी द्रव्यं आतच राहतात. ओतून टाका. बाटली काचेची असेल तर साबणाने धुऊन, पाण्यात १० मिनिटं उकळून, उलटी टाकून पूर्ण कोरडी करा आणि वापरा. प्लॅस्टिकची असेल तर तीही टाका, आणि पंप असेल तर तो आधी. त्याच्या नळीत आत जे बसलंय ते कुठल्याच धुण्याने निघत नाही.